करवंदीच्या खिंडीत मागं सरायचं कुणी

करवंदीची खिंड रुंद करायची, हे रघुवीरपंत खासनिसांनी ठरवलं ते त्या खिंडीतच; भर दुपारी, बैलगाडीत मांडी घालून, पुढच्या गाडीला मागं बांधलेल्या गोऱ्ह्याच्या शेपटीकडं बघत. सकाळपासून त्यांनी दुसरं काही पाहिलंच नव्हतं. भोरला रस्त्यांच्या कचेरीत हेडकारकून असलेल्या माणसानं सबंध दिवस गोऱ्ह्याच्या शेपटीपुढं काढावा, हे काही त्यांना मानवण्यासारखं नव्हतं.

निघाले होते ते वेल्ह्याला, लेकीकडं. नलूला दिवस गेले होते. पहिलटकरीण म्हणून तिच्या आईनं, सौदामिनीबाईंनी, तिच्यासाठी डबाभर करंज्या आणि लिंबाच्या गोड लोणच्याची बरणी बरोबर दिली होती. पण तो नेमका भोरच्या बाजाराचा दिवस. वेल्हे-पासलीकडच्या भाताच्या गाड्या खाली उतरत होत्या, भोरकडच्या रिकाम्या गाड्या कोळसा आणायला वर चढत होत्या, आणि खिंड होती जेमतेम एका गाडीची. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी. दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीनं मागं सरायचं, आणि मागं सरायला कुणीही तयार नसे.

बैल मागं चालत नाही. त्याला सोडायचं, आणि माणसांनी चाकांना खांदे लावून गाडी ढकलत न्यायची, हे कष्टाचं काम खरंच. पण अडचण कष्टाची नव्हती, मानाची होती. खिंडीत जो मागं सरला त्याची गाडी आंबवड्याच्या जत्रेत सगळ्यांत शेवटी लागायची, असा दोन्ही अंगांच्या गावांचा रिवाज होता. देवापुढं शेवटची गाडी म्हणजे वर्षभर पोराटोरांनी तोंडावर हसायचं. म्हणून दोन्हीकडचे गाडीवान बैलांपुढं वैरण टाकत, चिलमी पेटवत, आणि समोरच्याला आधी कंटाळा येईल या आशेवर बसून राहत. भांडण कधीच होत नसे. सगळं अगदी शांतपणे चाले, आणि म्हणूनच त्याला अंत नसे.

ज्याच्या गाडीत पंत बसले होते तो खालच्या वाडीचा सोनबा, खिंडीतला जुना माणूस. त्यानं पंतांची घालमेल पाहिली आणि म्हणाला, "पंत, ताईस्नी बाळंतपनाला आनायचं आसंल तवा जुवाला खण बांधा. माहेरवाशिनीच्या गाडीला समदी वाट देत्यात. त्येला कुनी माघार म्हनत न्हाई."

हे ऐकून पंतांना हायसं वाटायला हवं होतं. पण त्यांना राग आला. रस्त्यांच्या खात्यातल्या माणसाच्या मुलीनं जुवाला चोळीचा खण बांधून वाट मागायची?

"आमची नलू रस्त्यानं येईल," ते म्हणाले. "कुणाच्या मेहेरबानीनं नव्हे."

"बरं," सोनबा म्हणाला. "त्या डब्यात काय हाय म्हनायचं?"

दिवस कलला तेव्हा डब्यात करंज्यांचा चुरा राहिला होता आणि खिंडीतल्या सगळ्या गाडीवानांचं सौदामिनीबाईंच्या हाताबद्दल चांगलं मत झालं होतं. पंत तिथूनच चालत मागं फिरले. लेक राहिली पलीकडं, बाप आला अलीकडं, आणि मध्ये ती खिंड.

घरी दारातच बाईंनी विचारलं, "नलू कशी आहे?"

पंतांनी लोणच्याची बरणी पुढं केली. "खिंड रुंद केल्याशिवाय गत्यंतर नाही," ते म्हणाले.

बाईंनी बरणी घेऊन फडताळात ठेवली. त्यांचं पहिलं बाळंतपण सासरी झालं होतं, भर पावसात. नदीला पूर होता, माहेरचं माणूस पोचू शकलं नव्हतं, आणि ते मूल राहिलं नव्हतं. ही गोष्ट त्या कधी काढत नसत. नलूचं बाळंतपण माझ्या हातांनी व्हायचंय, एवढंच त्या म्हणत, आणि त्या वाक्यामागं काय आहे हे घरात दोघांनाच ठाऊक होतं.

"रुंद करून काय होणार?" त्या म्हणाल्या. "एका गाडीत एक माणूस आणि दोन पोती. असल्या शंभर गाड्या. रस्ता रुंद केलात तर दोनशे येतील. त्यापेक्षा त्या माणसांना एका मोटारीत बसवा, खिंड आपोआप मोकळी होईल. मधूची मोटार दारात उभीच आहे."

मधू हा शेजारच्या आनंदरावांचा मुलगा. त्यानं कुठूनशी एक जुनी लॉरी आणून तिच्यावर बाकं ठोकली होती, ताडपत्रीचं छत घातलं होतं आणि तिला तो सर्व्हिस मोटार म्हणत असे. तिला दिवे होते, हॉर्न होता, आणि ब्रेकच्या बाबतीत मधू आशावादी होता.

"मोटार म्हणजे आज आहे, उद्या नाही," पंत म्हणाले. "रस्ता हे कायमचं काम आहे."

त्या दिवसापासून खासनिसांच्या घरात दोन पक्ष झाले. एक रुंदीचा, एक मोटारीचा. जेवताना पंत आमटीचं वाटीभर तळं करून भाताच्या दोन ढिगांमधून बोटानं रस्ता काढून दाखवत. बाई भाताचं पातेलं पुढं सारून म्हणत, "आधी जेवा. रस्ता नंतर करा."

सल्ले द्यायला मात्र अख्खा भोर तयार होता. आनंदराव खुद्द मोटारीच्या मालकाचे वडील, पण ते रुंदीच्या पक्षात होते. "मधूच्या मोटारीत मी बसत नाही, तुम्ही तुमच्या लेकीला कशाला बसवता?" असं त्यांचं म्हणणं. एकानं बोगदा सुचवला. एका निवृत्त शिक्षकानं फार गंभीरपणे सांगितलं की दोष खिंडीचा नसून बैलांचा आहे, त्यांना लहानपणापासून मागं चालायला शिकवलं पाहिजे. पंतांनी त्याचेही आभार मानले, कारण लोकांच्या सूचना ऐकून घेणं हा कामाचा भाग असतो.

काम भोरच्या बाजूनं लवकर मंजूर झालं, हेच पुढच्या अनर्थाचं मूळ. कातळ फोडायला सोनबाच्या वाडीची माणसं आली. पंत दर रविवारी डोक्यावर पगडी आणि हातात छत्री घेऊन सुरुंगांपासून योग्य अंतरावर उभे राहत. रस्ता खरोखरच दोन गाड्यांचा होऊ लागला. आणि मग तो खिंडीच्या माथ्यावरच्या हद्दीच्या दगडापाशी येऊन थांबला. दगडाच्या अलीकडं भोरचं राज्य, पलीकडं इंग्रजी मुलूख. तिथल्या कातळाला इकडच्या सुरुंगानं हात लावायचा नाही.

पंत स्वतः पायी वेल्ह्याला गेले. तिथल्या एका कचेरीत एका कारकुनानं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि नकाशा उलगडून दाखवला.

"आमच्या नकाशात या जागी टेकडी आहे," तो म्हणाला.

"त्याच टेकडीत खिंड आहे."

"असेल. पण इथं टेकडी आहे. टेकडी रुंद करायचं आमच्याकडं कलम नाही."

पंतांनीही जन्मभर असंच बोलून माणसं परत पाठवली होती. दुसऱ्याच्या तोंडून ते त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं.

परतताना ते नलूकडं टेकले. तिला सातवा सरत आला होता. चेहरा उतरलेला, पायांवर थोडी सूज. सासू चांगली होती, पण आजारी होती. घरात करणारं दुसरं बाईमाणूस नव्हतं. नलूनं त्यांना चहा दिला आणि खाली बघत विचारलं, "अण्णा, मला कधी नेता?"

"रस्ता झाला की," पंत म्हणाले.

"गाडीनं नाही का नेता येणार? खण बांधून? इथं सगळ्याजणी तशाच जातात."

"तू सगळ्याजणींसारखी नाहीस," पंत म्हणाले. त्यांना ते मायेनं म्हणायचं होतं. नलूनं रिकामा कप उचलला, आणि पंतांनी तो होकार धरला.

पलीकडचे करत नाहीत तर आपण आपलं पुरं करू, आपला रस्ता पाहून त्यांना लाज वाटेल, असं त्यांनी ठरवलं. खात्यांना लाज वाटते अशी त्यांची समजूत होती. इतकी वर्षं खात्यात काढूनही ती टिकली होती, हे विशेष. आठवाही गेला. एके दिवशी बाई पानं घेताना म्हणाल्या, "तुमच्या रस्त्याला नववा लागला तरी चालेल, अहो. नलूला दहावा लागायचा नाही."

"येत्या बाजारच्या दिवशी रस्ता खुला होतोय," पंत म्हणाले. बाजारचा दिवस त्यांनी मुद्दाम धरला होता, कारण त्याशिवाय बघायला माणसं जमली नसती.

"मग मी आदल्या दिवशीच वेल्ह्याला जाते आणि तिला घेऊन येते."

"ये. खिंडीत तोरण लावलेलं असेल."

कशानं येणार ते त्यांनी विचारलं नाही आणि बाईंनी सांगितलं नाही.

समारंभ छान झाला. दगडापासून खाली वळणावरच्या माळापर्यंत नवा रस्ता पसरला होता. पंत कचेरीच्या दमणीत, माणसं नेण्याच्या बैलगाडीत, बसले आणि पहिली गाडी म्हणून निघाले. एक रांग चढायची, एक रांग उतरायची, असा त्यांचा हिशोब होता. पण पंतांच्या मागं जायचं म्हणजे दुसरा नंबर लागायचा. सोनबानं आपली गाडी शांतपणे दमणीच्या शेजारी आणली. "रस्ता दोन गाड्यांचा हाय न्हवं?" तो म्हणाला. त्याच्या मागच्याला त्याच्या मागं राहायचं नव्हतं, म्हणून तो पंतांच्या मागं लागला, आणि त्याच्या शेजारी आणखी एक. अशा जोडीजोडीनं साऱ्या गाड्या खिंड चढल्या आणि दगडापाशी आल्या, जिथं रस्ता पुन्हा एका गाडीचा होत होता.

तिथं मधूची मोटार उभी होती.

तिच्या नाकातून वाफ निघत होती. आत बाकांवर पासलीकडची माणसं, कोंबड्यांच्या पाट्या, पोती, आणि पुढं मधूच्या शेजारी सौदामिनीबाई, त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून नलू. मोटारीच्या मागं पासलीचा कुंडलिक भाताची गाडी घेऊन, आणि त्याच्या मागं त्याचा सगळा गाव. पूर्वी खिंडीत एकापुढं एक अडत असे. आता एकापुढं दोन अडले होते. पंतांच्या रुंदीचा तो पहिला हिशोब.

दोन्हीकडच्या गाडीवानांनी पुढची परिस्थिती पाहिली आणि चिलमी काढल्या.

पंत दमणीतून उठून उभे राहिले. "मधू, मोटार मागं घे."

"घेतो की काका. कुंडलिकदादाला मागं सरायला सांगा."

"आमी न्हाई सरायचो," कुंडलिक मागून म्हणाला. त्याच्या आवाजात राग मुळीच नव्हता. "गेल्या जत्रेला आमची गाडी शेवटाला व्हती. म्हातारीनं आठ दिस जेवान सोडलं."

तेवढ्यात बाई मोटारीतून उतरल्या. मोटारीच्या दिव्याला त्यांनी हिरवा खण बांधला होता. तो दाखवून त्या सोनबाला म्हणाल्या, "माहेरवाशीण आहे. वाट द्या."

सोनबा पुढं आला. त्यानं खण पाहिला, दिवा पाहिला, मोटारीभोवती एक फेरी मारली. मग चारपाच जाणती माणसं जमली आणि विषयाला तोंड फुटलं. खण जुवाला बांधायचा असतो. मोटारीला जू नाही. मोटारीला गाडी म्हणायचं का? आणि म्हटलं, तरी आत एक माहेरवाशीण आणि बाकीचे सतराजण फुकट वाट घेणार, हे कुठल्या न्यायात बसतं? प्रश्न नवा होता आणि त्यावर घाईनं बोलायला कुणी तयार नव्हतं.

"मग बाकीच्यांस्नी उतरवा," सोनबानं निवाडा दिला. "निसती माहेरवाशीन ऱ्हाऊ द्या."

बाकीचे कुरकुरत उतरले, कोंबड्यांसकट. मागच्या बाकावर एक म्हातारी मात्र हलली नाही. ती पासलीची ठकुबाई, तिला गुडघ्यांनी जेरीला आणलं होतं.

"उतर की गं आजे," सोनबा म्हणाला.

"कशापायी? म्याबी माहेरवाशीनच हाय. भाटघरची."

"तुझं गाव धरनात गेलं न्हवं?"

"व्हय. समदं घर पान्याखाली हाय. म्हून काय माझं माहेर सुटलं व्हय? बाजाराला जाताना वाटंत थांबून पानी बघती म्या. तुमी बसा वाद घालत, त्या पोरीकडं बघा जरा."

सगळ्यांनी नलूकडं पाहिलं. तिनं मोटारीची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती आणि ओठ दाताखाली दाबले होते. बाई चटकन वर चढल्या, तिच्या पोटावर हात ठेवला आणि खाली पाहिलं. पंतांनी आपल्या बायकोचा तो चेहरा पूर्वी एकदाच पाहिला होता, पुराच्या पाण्याकडं बघत ती दारात उभी असताना.

"कळा सुरू झाल्यात," त्या म्हणाल्या. आवाज अगदी हळू होता. "खिंडीत नाही व्हायचं हे. अहो, काहीतरी करा."

पंतांच्या डोक्यात एकदम बरंच काही आलं. तोरण आलं, नकाशातली टेकडी आली, नलू चहा देताना खाली बघत होती ते आलं. आणि त्यांना फार भीती वाटली, म्हणजे खरी भीती, जिच्यापुढं मान वगैरे काही राहत नाही.

त्यांनी पगडी काढून दगडावर ठेवली. कोट काढला. दमणीचे बैल स्वतःच्या हातानं सोडले. दोनदा दोरी चुकीची ओढली, पण सोडले. मग चाकाला खांदा लावला.

"पंत, माघार हुईल ती," कुंडलिकनं पलीकडून आठवण करून दिली. "सोताच्या पोरीला वाट देनं रिवाजात येत न्हाई. परक्याच्या पोरीला दिली तरच."

"होऊ दे," पंत म्हणाले आणि ढकलू लागले.

दमणी हलली नाही. हेडकारकुनाच्या खांद्याला ती कशी दाद देणार? पण मग सोनबानं दुसऱ्या चाकाला हात घातला. पंतांच्या मागच्या रांगेतल्यांनीही मुकाट्यानं बैल सोडले. "पंत सरत्यात म्हून आमी सरतोय," त्यातला एकजण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "माघार त्यांची एकट्याची." हे सर्वांना मान्य झालं. शेवटच्या गाडीपासून एकेक गाडी मागं ढकलत माळावर नेली. सोनबाची रांग जागची हलली नाही, तिला हलायचं कारणच उरलं नाही. दोन रांगांपैकी एकच मागं न्यावी लागली, एवढा रुंदीकरणाचा उपयोग झाला हे नोंदवलं पाहिजे.

मोटार जवळून गेली तेव्हा पंत दमणीच्या चाकाला धरून उभे होते, धुळीनं माखलेले, धाप लागलेली. नलूनं मान वळवून पाहिलं. तिनं दांडीवरचा एक हात सोडून त्यांच्याकडं केला. मागच्या बाकावरून ठकुबाई म्हणाली, "लई झालं, आता जा घरला," ते पंतांना होतं की मधूला ते कळलं नाही.

रस्ता मोकळा व्हायला संध्याकाळ झाली. मागं सरलेल्यानं शेवटी जायचं, म्हणून दमणी सगळ्यांत शेवटी निघाली. पंत घरी आले तेव्हा माजघराचं दार लागलेलं होतं. ते ओटीवर बसून राहिले. आनंदराव येऊन शेजारी बसले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी सल्ला दिला नाही.

उजाडता उजाडता आतून रडणं ऐकू आलं. बऱ्याच वेळानं बाई बाहेर आल्या, पदरानं हात पुसत.

"मुलगी," त्या म्हणाल्या. "दोघी ठीक आहेत."

पंतांनी मान हलवली. मग काहीतरी बोलायचं म्हणून ते म्हणाले, "तुझं बरोबर होतं. मोटारच हवी होती."

"मोटारही अडलीच की." बाई उंबऱ्यावर बसल्या. रात्रभरात त्या म्हाताऱ्या दिसू लागल्या होत्या, आणि तरी पंतांना वाटलं की हिला इतकं मोकळं आपण कधी पाहिलं नाही. "ही पोरही उद्या कुठं दिली जाईल, कुणाच्या गावाहून माहेराला निघेल. तेव्हा खिंडीत मागं सरायला तुम्ही नसाल. कुणाला तरी आत्तापासून शिकवून ठेवा."

पुढच्या बाजारच्या दिवशी पंतांनी रजा टाकली आणि ते सोनबाच्या गाडीत बसून खिंड चढले. दगडापाशी समोरून कुंडलिक भात घेऊन आला. सोनबानं सवयीनं चिलीम काढली. पंत खाली उतरले, पगडी काढून गाडीत ठेवली आणि चाकापाशी गेले.

सोनबानं कुंडलिकच्या गाडीच्या जुवाकडं पाहिलं. तिथं खण नव्हता.

"माहेरवाशीन कोन हाय, पंत?"

"कुणी नाही," पंत म्हणाले. "सोड बैल."